उंबराच्या आत

आमच्या दहिसरच्या घरावर दिवसभर काहीतरी पडत असायचं. पावसाळ्यात पाऊस पडायचा, पण पाऊस नसतानाही पत्रा कधी गप्प बसला नाही. टप, मग थोडं थांबून टप टप, आणि मग एखादं मोठं फळ पत्र्याच्या उतारावरून गडगडत जाऊन मोरीपाशी फुटायचं. पाहुणे दचकायचे. आम्हाला त्याची इतकी सवय होती, की गावाला गेल्यावर मावशीच्या घरी शांततेनेच मला जाग यायची. चाळीच्या कोपऱ्यावर, आमच्या खोलीच्या अगदी अंगावर, उंबर होता. त्याची फळं फांद्यांच्या टोकाला नव्हे, तर सरळ खोडालाच घोसाघोसांनी लगडायची, माणसाच्या अंगावर गळवं उठावीत तशी. पिकली की तांबूस व्हायची आणि मग बुलबुल, तांबट, खारी, आणि संध्याकाळ झाली की वटवाघळं अशा सगळ्यांची तिथे पंगत बसायची. अंगणाला कायम एक गोडसर आंबूस वास असायचा. आजही कुठे जास्त पिकलेलं फळ फुटलेलं असलं, की मला आधी आमची मोरी आठवते.

आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे. बाबा अंधेरीला एका छोट्या कारखान्यात चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या काचा घासायचे. काचेला शेवटची झिलई द्यायला एक गुलाबी पावडर वापरत. ती बाबांच्या नखांत इतकी मुरली होती, की भाकरी मोडताना त्यांची बोटं नुकतीच मेंदी काढल्यासारखी दिसायची. आईला ते आवडायचं नाही, ती त्यांना दगडाने नखं घासायला लावायची. घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यासमोर आई रोज संध्याकाळी एक मेणबत्ती लावायची. चाळीत बाकी बहुतेक घरं कोकणातली होती, गिरणीत काम केलेली. गिरण्या गेल्यावर कुणी रिक्षा घेतली, कुणी कुरिअरच्या ऑफिसात लागलं, कुणी वॉचमन झालं.

शेजारच्या खोलीत परब काकू राहायच्या. काका एका सोसायटीत वॉचमन होते, घरी असले तरी नसल्यासारखे. काकू मात्र दोघांचं बोलायच्या. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक वाटी सतत फिरती असायची. आमच्याकडून बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा जायचा, आणि तीच वाटी कुळथाची पिठी किंवा सुकटीची चटणी घेऊन परत यायची. रिकामी वाटी कधी कुणी परत केली नाही. उन्हाळ्यात काकू कोवळ्या हिरव्या उंबरांची भाजी करायच्या, खोबरं घालून. थोडी तुरट लागायची ती. मला ती आवडते हे कळल्यावर त्या वाटी भरून वर दाबून द्यायच्या.

उंबराखाली छोटासा पार होता, तिथे दत्ताची तसबीर होती आणि ती काकूंचीच होती असं म्हटलं तरी चालेल. दर गुरुवारी त्यांचा उपास असायचा, आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की झाडावरचं एक उंबर खाऊन त्या तो सोडायच्या. या उंबराच्या निवडीत त्यांचा मोठा अभिमान होता. उंबरात किडे होतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण काकू म्हणायच्या, भोक पडलेलं असेल त्यातच किडा. त्या हात वर करून, एकेक फळ फिरवून फिरवून, एकही भोक नसलेलं, नुकतं रंग धरलेलं फळ काढायच्या. "ह्या बघ, कसा निर्मळ आसा," असं म्हणून न फोडता, डोळे मिटून तोंडात टाकायच्या. देवाचं फळ फोडून बघायचं नसतं.

मी अकरावीला सायन्सला होते. एकदा वर्गात जीवशास्त्राचे सर सहज म्हणाले, की उंबर, वड, पिंपळ यांचं आपण ज्याला फळ म्हणतो ती खरी फुलांची पिशवी असते, फुलं आतल्या बाजूला असतात. मी हात वर केला आणि विचारलं, मग माशा फुलापर्यंत पोचतात कशा? सर म्हणाले, "एक बारीकशी गांधीलमाशी आत शिरते. पण ते सिलॅबसमध्ये नाही, सोड." वर्ग हसला. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, दिसलं तर राज्य मिळतं, असं आपल्याकडे म्हणतात. आणि इथे ही फुलं रोज माझ्या डोक्यावर टपटप पडत होती! मी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून काठाशी टवका उडालेलं, बाद झालेलं एक भिंग मागून आणलं आणि त्याला पत्र्याची कडी करून दिली.

मी उंबरठ्यात बसून ब्लेडने पहिलं फळ कापलं तो नेमका गुरुवार होता. मी मुद्दाम काकूंच्या पद्धतीने निवडलं होतं, भोक नसलेलं. भिंगाखाली आधी काहीच कळेना, नुसती दाटी. मग नजर बसली. आतल्या भिंतीला चहूबाजूंनी फुलं होती. शेकडो, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, देठावर उभी. आणि त्या फुलांमधून काळे चकचकीत पंखांचे जीव चालत होते, आणि त्यांच्यात दुसरेच कुणी, पिवळट, पंख नसलेले, वाकड्या अंगाचे. मी दुसरं फळ कापलं. तिसरं कापलं. सगळ्यांत तेच. तेवढ्यात दिवा लावून काकू आल्या, हातात त्यांचं निवडलेलं उंबर होतं.

"काय गो चेडवा, काय बघतंस?"

मी सोळा वर्षांची होते आणि जगात त्या क्षणी मला एकच गोष्ट दिसत होती. मी म्हटलं, "काकू, भोक असो नसो, सगळ्यांत किडे आहेत! तुमच्या हातातल्यातसुद्धा आहेत. भोक नसतं ना, तेव्हा ते सगळे जिवंत आत असतात!"

काकूंनी हातातल्या फळाकडे पाहिलं. मग माझ्यापुढच्या फाकांकडे पाहिलं. त्यांना भिंगाची गरज नव्हती, एक माशी चालत ब्लेडवर आली होती. "म्हणजे इतकी वरसां मी उपास सोडतंय तो..." एवढंच त्या बोलल्या. त्यांनी ते उंबर पारावर परत नेऊन ठेवलं, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आमच्या चाळीत झोपायच्या आधी दार लावायची पद्धत नव्हती.

शनिवारपर्यंत गोष्ट सगळ्या चाळीत झाली होती, आणि चाळीत गोष्ट फिरताना तिला शेपूट फुटतंच. नळावर कुणीतरी आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालं, "त्यांना काय, त्यांच्यात देव नसतातच. मुद्दाम पोरीला शिकवलं असेल." आई हंडा अर्धाच भरून घरी आली. ती ओरडली नाही. भाजी चिरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे घर भेटायला किती जोडे झिजले तुला माहीत नाही. आडनाव विचारायचे अन् म्हणायचे, खोली गेली. ह्या परबताईंनीच मालकाला सांगितलं होतं, की चांगली माणसं हायेत, द्या. काय गरज होती तुला तोंड उघडायची?" मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची वाटी, आमचीच, स्टीलची, परबांच्या ओट्यावर होती. ती परत आली नाही.

त्यातच झाडाचा विषय निघाला. तो दरवर्षीच निघायचा. गटार तुंबतं, पत्रे खराब होतात, फळांवरून माणसं घसरतात. मागच्या वर्षी तर खुद्द परब काका घसरून मनगट मोडून बसले होते. पण दरवर्षीसारख्या काकू तेव्हाही पारापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवाच्या झाडाखाली पडले म्हणान हातार निभावला." आणि विषय मिटला. ह्या वेळी चाळीचे सेक्रेटरी परबांच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "वहिनी, परवानगीचं मी बघतो. वाट लागलीय सगळी, पूर्ण झाडच काढू या. तुमचं काही?" मी आमच्या दारात होते. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माजा काय्येक म्हणणा नाय," त्या म्हणाल्या.

त्या झाडाला सबंध चाळीत एकच माणूस होतं आणि ते माझ्या एका वाक्याने गेलं होतं. मी बाबांना म्हटलं, आता भिंग नको. बाबा हात घासत होते. म्हणाले, "काच अर्धी घासून सोडली तर ती धड काचही राहत नाही अन् भिंगही होत नाही. उघडलंस ना? मग पूर्ण बघ. किडे आहेत एवढंच सांगून आलीस तू. ते तिथे करतात काय, ते कुठं सांगितलंस?"

मला ते खरंच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही बघायला लागलो. सुट्टीच्या दिवशी बाबा आणि मी, आणि एरवी कॉलेजमधून आल्यावर मी एकटी. एकाच झाडावर वेगवेगळ्या घोसांतली फळं वेगवेगळ्या वयाची होती, त्यामुळे थांबायचीही गरज नव्हती. लहानात लहान हिरवं, मग त्याहून मोठं, मग रंग धरणारं अशी ओळीने कापत गेलं, की गोष्ट पुढे सरकायची. लहान हिरव्यात फुलं आणि एखाददुसरी मेलेली माशी, तिला पंखच नसायचे, ते कुठे गेले ते कळेना. मोठ्यात काही फुलांच्या जागी बी धरलेलं, तर काही फुगून त्यांच्या पोटात पांढरी अळी. म्हणजे आत येऊन ती काही फुलांत अंडी घालत होती आणि बाकीची फुलं फळवून जात होती. जाता येत नव्हतंच तिला, ती आतच मरत होती. आणि ते पिवळट, पंख नसलेले, ते नर होते. ते आधी आपापल्या फुलातून बाहेर पडत, माद्यांच्या कोठड्या कुरतडून त्यांच्याशी जुगत, आणि मग सगळे मिळून फळाच्या भिंतीला भोक पाडत. काकूंना ज्या भोकाचा राग होता, ते भोक. हे सगळं मी एका बैठकीत पाहिलं नाही, तुकड्यातुकड्यांनी पाहिलं आणि राहिलेलं सरांना जिन्यात गाठून विचारलं. सर आधी वैतागले, मग स्वतःच ग्रंथालयातून एक जाडं पुस्तक काढून माझ्याबरोबर बाकावर बसले. त्यांनाही ते सगळं माहीत नव्हतं असं मला वाटतं.

पुढे मी शास्त्रज्ञ वगैरे झाले नाही. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. पण या विषयावर जे हाती लागेल ते वाचत राहिले. उंबराची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, वडाची वेगळी. एकीला दुसऱ्या झाडाच्या फळाच्या दारातून सहसा शिरताच येत नाही. कोट्यवधी वर्षं झाड आणि माशी एकमेकांना घडवत आले आहेत. दार जसं अरुंद होत गेलं, तसं तिचं डोकं चपटं होत गेलं. हे वाचताना मला दर वेळी आश्चर्य वाटतं, की यातलं काही आधी ठरलेलं नव्हतं. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. आणि तरी दोघांचं एकमेकांवाचून चालेनासं झालं.

झाड काढणारी माणसं यायची होती त्याच्या आदल्या सकाळी मला हवं ते फळ सापडलं. त्याला नुकतंच भोक पडलं होतं आणि त्यातून एकेक माशी बाहेर येत होती. मी ते भिंगासकट हातात घेऊन परबांच्या दाराशी गेले आणि तिथे माझे पाय थांबले. दार लोटलेलं होतं. तेवढ्यात मागून आई आली. तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं, पातोड्यांच्या रश्शाचा वास येत होता. वाटी त्यांच्याकडेच राहिल्यामुळे तिने पातेलंच आणलं होतं. तिने मला बाजूला केलं आणि कडी वाजवली.

"परबताई, पोरगी बोलली ते चुकलं, मी मानते. पण ती अर्धंच बोलली होती. राहिलेलं ऐकून घ्या, मग दार लावा."

काकू दारात आल्या. पातेल्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग खाली उंबरठ्यावर बसल्या आणि माझ्यापुढे हात केला. मी भिंग दिलं. त्यांना ते धरता येईना, डोळ्यापासून लांब धरत होत्या. आईनेच त्यांचं कोपर धरून जवळ आणलं.

"अगो बाय," काकू म्हणाल्या. "पंख पुसतासा."

"त्या सगळ्या बायका आहेत. ते भोक त्यांनी नाही पाडलं, नरांनी पाडलं."

"ते खंय आसत?"

मी फळ फाकलं आणि दाखवले. त्यातले काही अजून हलत होते. मी सांगितलं, त्यांना पंख नसतात, बहुतेक दिसतही नाही. ते आत जन्मतात, बायकांसाठी वाट पोखरतात आणि आत किंवा त्या दारातच मरतात.

काकू बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. आत खाटेवर परब काका रात्रपाळी करून झोपले होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. "दार केल्यान," काकू म्हणाल्या, "नि आपण आतच ऱ्हवलो." मग एकदम माझ्याकडे वळून, "आणि ह्यो किडो नसलो तर?"

"तर उंबर हिरवंच गळून पडेल. पिकणार नाही. बुलबुल नाही, खार नाही, बी नाही."

"आणि झाड नसला तर?"

"तर हिला दुसरं घरच नाही, काकू. हिचं आयुष्य दिवस-दोन दिवसांचं. तेवढ्यात उंबर सापडला तर सापडला."

"म्हणजे किडो लागलेलो नाय फळाक," त्या हळू म्हणाल्या. "त्येच्यामुळेच फळ आसा." आणि त्या उठल्या, पातेलं आत नेऊन ठेवलं, पदर खोचला आणि सेक्रेटरींच्या दाराकडे निघाल्या. त्यांचं तिथे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, आवाज मात्र सगळ्या चाळीने ऐकला. परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. झाड राहणार होतं, पण आमच्या आणि गटाराच्या वरच्या फांद्या जाणार होत्या. आणि खोडावरचे घोस झोडून काढायचे, ही सेक्रेटरींची अट होती.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी चालल्या. संध्याकाळी उंबर खांद्यापासून हात तोडल्यासारखा दिसत होता, एक फळ शिल्लक नव्हतं. पत्र्यावर पहिल्यांदाच काही पडेना. आम्हाला कुणालाच झोप लागेना. काकू त्या गुरुवारी शेंगदाण्यांवर उपास सोडून आल्या आणि मला म्हणाल्या, "आता येतली खंयसून ती?" मला तेच कळत नव्हतं. झाडावर एकही माशी उरली नव्हती. सर्वांत जवळचा दुसरा उंबर माझ्या माहितीत दहिसर नदीच्या वरच्या अंगाला, पार जंगलाच्या बाजूला होता. एवढासा जीव, दोन दिवसांचा, मधे हायवे, इमारती, रेल्वे.

पावसाळा संपता संपता खोडाला नवे घोस आले. मिरीएवढे, मग वाटाण्याएवढे. आम्ही रोज बघायचो, काकू दिवा लावताना, आई नळावर जाताना. बाबांनी भिंगाची कडी बदलून दिली. फळं बोराएवढी झाली, आणि मग एका आठवड्यात सगळी गळली. हिरवीच, कडक. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज यायचा. मी एक कापलं. आत फुलं होती, आणि फुलांखेरीज काही नव्हतं. काकूंनी त्यांचा सडा झाडून गोळा केला.

थंडीत पुन्हा घोस आले. आता आम्ही फारसं बघत नव्हतो, निदान एकमेकींना तसं दाखवत तरी होतो. एका सकाळी मी दात घासत असताना काकूंनी हाक मारली. माझं नाव त्या कधी पूर्ण घ्यायच्या नाहीत, त्या दिवशी घेतलं. मी तोंडात फेस घेऊन तशीच धावले. त्या पारावर उभ्या होत्या, एक हात खोडाला, आणि डोळ्याच्या उंचीवरच्या एका हिरव्या फळाकडे बोट. फळाच्या टोकाशी खवल्यांचं बारीक तोंड असतं. त्यात एक काळी माशी अर्धी शिरलेली होती. मागचे पाय झाडत होती. जोर लावत होती, थांबत होती, पुन्हा लावत होती. शेजारच्या फळावर दुसरी उतरलेली, दार शोधत फिरत होती.

"खंयसून इली गो ही?" काकू कुजबुजल्या, जणू ऐकून ती परत जाईल.

"वाऱ्यावर," मी म्हटलं. मला तेवढंच ठाऊक होतं.

आई हंडा खाली ठेवून आली. काकूंनी तिच्या हातात भिंग दिलं आणि ती वाकली. फळाच्या तोंडाशी, बाहेर, दोन पारदर्शक पंख पडलेले होते, तांदळाच्या फोलपटाहून हलके. माशी दिसत नव्हती. आईने श्वास रोखून धरला होता, पंख उडू नयेत म्हणून असेल. नळाला पाणी सुटलं, तिचा नंबर गेला, कुणीतरी हाक मारली. ती हलली नाही.

"गेली आत," आई म्हणाली.